कातडीखालचं वेटोळं : शरीरात बसणाऱ्या चिपच्या अँटेनाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका श्रोत्यांनी संयोजकांना विचारलं म्हणे, ‘व्याख्यान चिपवर आहे ना, मग त्यात अँटेना कशाला?’ प्रश्न रास्त आहे. अँटेना म्हटलं की आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना गच्चीवरचा सांगाडा आठवतो. त्यावर कावळा बसला की चित्र हलायचं आणि नेमकं रविवारच्या सिनेमाच्या वेळी घरातल्या एकाला वर पाठवावं लागायचं. तांदळाच्या दाण्याहून जराशा मोठ्या काचेच्या कुपीत तसलं काही असेल असं डोळ्यांसमोर येत नाही.

पण ती कुपी फोडून पाहिली, तर आतली बहुतेक जागा अँटेनानंच व्यापलेली दिसते. चिप कुठेतरी एका टोकाला, बाजरीच्या दाण्याएवढी. आणि ही कुपी किती वर्षं टिकेल, तिला कोण वाचू शकेल, किती अंतरावरून वाचू शकेल, हे सगळं मुख्यतः अँटेनानं ठरवलेलं आहे. म्हणून आज चिपला थोडं बाजूला बसवू आणि अँटेनाचा इतिहास पाहू.

सुरुवात बहुतेक जण १९४५ पासून करतात, मीही तिथूनच करतो. त्या वर्षी ४ ऑगस्टला मॉस्कोत रशियन शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना एक लाकडी राजमुद्रा भेट दिली. सुंदर कोरीव काम होतं. ती राजदूतांच्या निवासस्थानातल्या अभ्यासिकेत टांगली गेली आणि १९५२ मध्ये आतली भानगड सापडेपर्यंत तिथंच होती. आत ना बॅटरी, ना वायरींचं जाळं. एक धातूची पोकळी, तिच्या तोंडावर पातळ पडदा आणि वीतभर लांबीची एक कांडी, म्हणजेच अँटेना. बाहेरून कुणीतरी रेडिओलहरी सोडायच्या, आणि खोलीतल्या बोलण्यानं पडदा थरथरला की परतणारी लहर त्याप्रमाणे बदलायची. हे ल्येव्ह तेर्मेन यांचं काम. हात न लावता वाजणारं ‘थेरेमिन’ हे वाद्य बनवणारे तेच. ही राजमुद्रा त्यांनी केली ती कैद्यांसाठीच्या प्रयोगशाळेत, स्वतः कैदी असताना.

आरएफआयडीचं मूळ तत्त्व यात आहे. ज्याला ओळखायचं त्याच्याकडे स्वतःची ताकद नसते. विचारणाराच ताकद पाठवतो, आणि उत्तर त्याच ताकदीवर परत येतं. १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीवर संदेशवहन करण्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला आणि व्यवहारात आणायला अजून बरंच संशोधन लागेल असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. लागलंच. तोवर ट्रान्झिस्टरही नुकताच जन्मला होता.

शरीराच्या आत शिरण्याची गोष्ट मात्र या वाटेनं आलेली नाही. ती आली इस्पितळाच्या वाटेनं. १९५७ मध्ये बर्टिल याकोबसन आणि स्टुअर्ट मॅके यांनी गिळण्याजोगी रेडिओ-गोळी जगापुढे मांडली. पोटातून जाता जाता ही गोळी माहिती बाहेर पाठवायची. आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पूर्ण पेसमेकर बसवला गेला. शल्यविशारद ओके सेनिंग, आणि यंत्र बनवणारे अभियंते रूने एल्मक्विस्ट. यंत्र इपॉक्सी रेझिनमध्ये ओतून घट्ट केलेलं होतं, आणि साचा म्हणून काय वापरलं होतं? बूटपॉलिशची डबी! पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. मग दुसरं बसवलं. लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले, एकामागून एक सव्वीस पेसमेकर वापरत. यंत्र बसवणारे सेनिंग आणि बनवणारे एल्मक्विस्ट या दोघांच्याही नंतर ते गेले.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्या डबीतली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आतली बॅटरी बाहेरून भारित करायची सोय होती. छातीवर एक कॉइल धरायची, आत दुसरी कॉइल, मध्ये कातडी. तार नाही, भोक नाही. कमी वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र मांसातून जवळजवळ काही घडलंच नाही असं आरपार जातं, हे तिथं वापरात दिसलं. आणि इपॉक्सीसारखं प्लास्टिक शरीरातल्या पाण्याला कायमचं अडवू शकत नाही, हेही पुढे पेसमेकर बनवणाऱ्यांना कळत गेलं. हे दोन्ही मुद्दे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या लॉस अलामोसला जाऊ. अणुबाँबची प्रयोगशाळा म्हणून आपल्याला ती माहीत आहे. १९७० च्या दशकात तिथं गायीगुरांवर काम चाललं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. शेतीखात्याला जनावरांची ओळख आणि त्यांच्या अंगातला ताप, दोन्ही दुरून कळायला हवं होतं. आल्फ्रेड कोएल, स्टीव्हन डेप आणि रॉबर्ट फ्रेमन यांनी १९७५ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो या क्षेत्रातला मैलाचा दगड मानतात. त्यांचा टॅग लहर परावर्तित करताना तिच्यात फेरफार करायचा. म्हणजे तेर्मेनचंच तत्त्व, फक्त आता बोलण्याऐवजी आकडे. उच्च वारंवारता, छोटा अँटेना, काही मीटरांवरून वाचन.

याच घराण्यातला एक टॅग तुमच्या गाडीच्या काचेवर चिकटवलेला आहे. फास्टॅग. टोलनाक्यावर चार-पाच मीटरवरून तो वाचला जातो. मग मनात येतं की गायीच्या कातडीखाली असाच टॅग घातला की झालं, गोठ्याच्या दारातून पन्नास गायी आत गेल्या की पन्नास नोंदी. तसं झालं नाही. काचेवर जो टॅग मीटरांवरून बोलतो, तो मांसात घातला की मुका होतो.

का, ते जरा सावकाश पाहू, कारण सगळा इतिहास इथंच वळतो. शरीर म्हणजे मुख्यतः मीठ घातलेलं पाणी. फास्टॅगच्या पट्ट्यातली लहर हवेत साधारण ३५ सेंटिमीटर लांबीची असते. ओल्या मांसात शिरताच ती आखडून चार-पाच सेंटिमीटरवर येते. हवेसाठी मापून कापलेला अँटेना तिथं बेसूर होतो. वर मिठाचं पाणी विजेचं वाहक, त्यामुळे लहरीची ताकद ऊतींमध्येच उष्णता होऊन जिरते. जी काही उरते तिच्यातली बरीचशी कातडीवरूनच परत फिरते. अँटेना नव्यानं मापून पहिली अडचण कमी करता येते. बाकीच्या दोन कुणाच्या बापाला टळत नाहीत.

तेव्हा अभियंत्यांनी माघार घेतली. आणि मला वाटतं, या साऱ्या कथेतला शहाणपणाचा क्षण तोच. त्यांनी वारंवारता कमी केली, थोडीथोडकी नाही, हजारो पटींनी. १२५ ते १३४ किलोहर्ट्झच्या आसपास. १३४.२ किलोहर्ट्झला तरंगलांबी निघते सव्वादोन किलोमीटर! कायद्यानं अँटेना पाव तरंगलांबीचा धरला, तर तो अर्ध्या किलोमीटरहून लांब हवा. आणि आपल्या कुपीत जागा किती? बारा मिलिमीटर.

म्हणून काटेकोरपणे बोलायचं तर कुपीतली कॉइल हा अँटेनाच नाही. ती ट्रान्सफॉर्मरची अर्धी बाजू आहे. डॉक्टरांच्या हातातल्या रीडरमध्ये पहिली अर्धी बाजू, आणि मधलं लोखंड काढून तिथं कातडी आणि हवा ठेवलेली. इथं लहर प्रवास करत नाही, एका कॉइलचं क्षेत्र दुसरीत शिरतं. त्याचा फायदा आपण वर पाहिला, मांस आडवं येत नाही. किंमत मात्र जबर आहे. जवळचा टापू सोडला की हे क्षेत्र अंतराच्या घनानुसार घटतं. अंतर दुप्पट केलंत तर क्षेत्र आठव्या हिश्शावर. म्हणजे मीटरांचं स्वप्न सोडून वीतभरावर समाधान.

त्या वीतभरातही जेमतेमच भागतं. ज्यांनी लहानपणी घरातला ट्रान्झिस्टर उघडून मार खाल्लाय, त्यांना आतली काळी कांडी आठवत असेल, पेन्सिलीसारखी, वर तांब्याची तार गुंडाळलेली. ती फेराइटची. फेराइट आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र स्वतःत ओढून घेतं, त्यामुळे बारीक कॉइल आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वागते. कुपीतही तेच आहे, फक्त कांडी उदबत्तीच्या काडीएवढी. तिच्यावर केसाहून बारीक तार शेकडो वेळा गुंडाळायची. सोबत एक कपॅसिटर, बहुधा चिपमध्येच कोरलेला. कॉइल आणि कपॅसिटर मिळून झोपाळ्यासारखे असतात. नेमक्या वेळी दिलेल्या छोट्या धक्क्यांनी झोका उंच जातो, तसा १३४.२ च्या ठोक्यावर तिथला दाब चढत जातो आणि चिप जागी होते. वेढे चार-दोन कमीजास्त झाले किंवा फेराइटला तडा गेला की ठोका चुकतो, आणि वाचनाचं अंतर घटतं.

आता टिकाऊपणाकडे येतो. चिप तशी मरत नाही. बॅटरीच नसल्यामुळे संपण्यासारखं काही नाही. मरतात ते सांधे. केसाहून बारीक तारेची दोन टोकं चिपच्या इवल्या पट्टीवर जोडलेली असतात. हे सगळं जाड सुईतून जोरात ढकललं जातं, मग धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, खाजवणाऱ्या प्राण्याच्या मानेत आयुष्यभर राहतं. म्हणून कुपीत रेझिन किंवा तत्सम काही भरून आतला ऐवज हलू न देणं महत्त्वाचं.

आणि बाहेरचं आवरण कशाचं करायचं? धातू पाण्याला अडवतो, पण क्षेत्रालाही अडवतो. पेसमेकरला टायटॅनियमची पेटी चालते, आपल्या कॉइलला ती डोळ्यांवरच्या पट्टीसारखी. प्लास्टिक क्षेत्राला जाऊ देतं, पण सावकाश पाणीही जाऊ देतं. उरली काच. पण काचेची नळी बंद करायची तर टोक वितळवायला हवं, आणि टोकापासून दोन मिलिमीटरवर तर नाजूक सांधे. यावरचा उपाय मला फार आवडतो. काचेत लोहाचं प्रमाण असं ठेवायचं, की ती अवरक्त प्रकाश शोषून घेईल. मग तसल्या प्रकाशाचा झोत फक्त टोकावर टाकायचा. टोक वितळून मिटतं, आतलं गार राहतं. म्हणून या कुप्यांची काच किंचित हिरवट दिसते. याच प्रकारची काच रीड स्विच नावाच्या विजेच्या कळींमध्ये वापरतात.

काचेचा एक नवा त्रास निघाला. ती इतकी गुळगुळीत की शरीर तिला धरत नाही. खांद्यांच्या मध्ये टोचलेली कुपी काही महिन्यांनी पायाकडे सरकलेली सापडायची. वीतभर टापूचा अँटेना जागा सोडून गेला, तर वाचणाऱ्यानं शोधायचा कुठं? मग टोकावर पॉलिप्रॉपिलीनची टोपी आली. ऊती तिला चिकटतात आणि कुपी जागेवर राहते. अर्थात, जे घट्ट धरून बसतं ते काढायलाही तेवढंच अवघड होतं.

अँटेनाला दिशाही असते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं कुत्रा परदेशी न्यायचा म्हणून त्याला चिप बसवली होती. तपासणीच्या दिवशी रीडर वाजेना. डॉक्टर म्हणाले, चिप बिघडली, नवी टोचू. तिथल्या मदतनीस मुलानं रीडर हातात घेतला, काटकोनात वळवला, मानेवरून सावकाश नागमोडी फिरवला आणि ‘टुक’ असा आवाज आला. चिप ठणठणीत होती. क्षेत्राच्या रेषा कांडीच्या लांबीतून गेल्या तरच कॉइलला काही मिळतं. आडव्या गेल्या तर शून्य.

हीच गोष्ट माशांच्या बाबतीत वरदान ठरली. अमेरिकेच्या वायव्येकडे कोलंबिया नदीवर धरणांची रांग आहे, आणि समुद्राकडे जाणाऱ्या सामन माशांच्या पिल्लांपैकी किती धरणं पार करून वाचतात हा तिथला मोठा वाद. १९८० च्या दशकात तिथल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी बोटभर पिल्लांच्या पोटात १२ मिलिमीटरच्या कुप्या घालायला सुरुवात केली. धरणातल्या मार्गाभोवतीच अँटेनाचं वेटोळं बसवलं. मासा प्रवाहात बहुधा लांबीतच जातो, म्हणजे कुपीचा अक्ष आणि वेटोळ्याचा अक्ष आपोआप एका रेषेत! कुपी लहानच राहिली, वाचणारा अँटेना मात्र नळ आणि मासे-जिन्यांच्या मापाचा होत गेला. आधी ४०० किलोहर्ट्झ वापरत, २००० सालच्या सुमारास तेही १३४.२ वर आले.

हा १३४.२ चा आकडा कुठून आला? १९९६ च्या आयएसओ मानकातून. पंधरा आकडी क्रमांक, पहिले तीन आकडे देशाचे किंवा कंपनीचे. भारताचा आहे ३५६. (आपल्या गायीगुरांच्या कानातला पिवळा बिल्ला वेगळा, बरं का. त्यावर बारा आकडे छापलेले असतात, चिप नसते. डोळ्यांनी वाचता येतो, स्वस्त पडतो.) मानक आलं, पण अमेरिकेतल्या बाजारात १२५ वाल्या कंपन्या आधीच ठाण मांडून होत्या. १२५ आणि १३४, फरक किती? सात-आठ टक्के. झोपाळ्याला तेवढा ठोका चुकला तरी पुरतो, आणि भाषा वेगळी असेल तर जागी झालेली चिपही समजत नाही. २००४ मध्ये व्हर्जिनियात एका हरवलेल्या कुत्र्याला निवारागृहात तपासलं गेलं. त्याच्या मानेत नव्या मानकाची चिप होती, निवाऱ्यातला रीडर फक्त १२५ ओळखणारा. चिप नाही असं समजून कुत्र्याला मारून टाकण्यात आलं. चिप चांगली होती, अँटेना चांगला होता, मालकांनी पैसे भरले होते. पुढे दोन्ही वाचणारे रीडर आले, पण ते व्यापाऱ्यांच्या भांडणानंतर.

माणसांकडे वळतो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रेडिंग विद्यापीठाचे केव्हिन वॉरविक यांनी दंडात एक कुपी बसवून घेतली. २३ मिलिमीटर लांब, ३ जाड. लांब कांडी म्हणजे जास्त क्षेत्र, म्हणून दारांच्या चौकटीत लावलेल्या रीडरना ती पुरली. ते आले की दार उघडायचं, दिवे लागायचे. नऊ दिवसांनी त्यांनी ती काढली. दंडात काच फुटेल ही धास्ती होतीच.

मग व्हेरिचिप. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तिला माणसांसाठी मान्यता दिली. कुत्र्यामांजरांत असते तशीच कुपी, सोळा आकडी क्रमांक. बेशुद्ध रुग्ण आला की दंडावरून रीडर फिरवायचा आणि त्याची वैद्यकीय माहिती संगणकावर पाहायची, अशी कल्पना. मान्यतापत्रातच धोक्यांची यादी होती : ऊतींची प्रतिक्रिया, कुपी सरकणं, माहितीची सुरक्षा, एमआरआय. २००७ मध्ये असोसिएटेड प्रेसनं जुने अभ्यास बाहेर काढले. त्यांत प्रयोगशाळेतल्या काही उंदरांना कुपीभोवती गाठी झाल्या होत्या. घरगुती प्राण्यांत असे प्रकार क्वचितच नोंदले गेलेत, आणि उंदराच्या शरीराच्या मानानं ही कुपी अवाढव्य असते. पण लोकांचा विश्वास उडायला एवढं पुरलं.

खरी भीती मात्र गाठींची नव्हतीच. ती होती पाळतीची. आपल्याकडेही करोनाच्या काळात लशीतून चिप घालतात आणि उपग्रहावरून माग काढतात, असे संदेश फिरले. तुम्हालाही आले असतील. आता तुम्हीच हिशेब करा. लशीच्या सुईची जाडी अर्धा मिलिमीटर, आणि ही दोन मिलिमीटरची कुपी आत घालायची सुई त्याच्या पाचपट जाड. वीतभरावर घनानं घटणारं क्षेत्र, आणि उपग्रह शेकडो किलोमीटरवर. नाही जमत.

पण म्हणून निर्धास्त व्हा असंही मी म्हणणार नाही. वीतभर अंतर म्हणजे गर्दीच्या लोकलमधलं कुठलंही अंतर. व्हेरिचिप कुणी विचारेल त्याला आपला क्रमांक सांगायची, विचारणारा कोण हे तपासायची नाही. २००६ मध्ये जॉनथन वेस्टह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची नक्कल करता येते हे दाखवून दिलं. हा अँटेनाचा दोष नव्हता. पण एवढ्याशा कॉइलला मिळणाऱ्या ताकदीत त्या काळच्या चिपला गुंतागुंतीचं गणित करणं जड होतं, तेव्हा अगदी असंबद्धही नाही.

नंतरच्या पिढीनं १३.५६ मेगाहर्ट्झ निवडलं, कारण आपल्या मोबाइलमधलं एनएफसी तेच बोलतं. अमेरिकेत अमाल ग्राफस्ट्रा यांनी २००५ पासून स्वतःच्या हातांवर प्रयोग केले आणि पुढे अशा कुप्या विकायला काढल्या. २०१७ मध्ये स्वीडनच्या रेल्वेत काही प्रवासी हातातल्या चिपवर तिकीट दाखवू लागले. वारंवारता शंभरपट, म्हणून वेढे थोडे आणि चिप हुशार. पण फोनचा अँटेना चपटा आणि रुंद, कुपीचा बारीक आणि उभा. दोघांची गाठ पडायला हात नेमक्या जागी, नेमक्या कोनात, जवळजवळ चिकटवून धरावा लागतो. म्हणून काही जण आता काच सोडून लवचीक पापुद्र्यावर चपटं वेटोळं बनवतात. वाचन सुधारतं. पण ते सुईनं टोचता येत नाही, कातडीला छेद द्यावा लागतो, आणि काचेनं सोडवलेला पाण्याचा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

व्हेरिचिप विकणं कंपनीनं २०१० मध्ये थांबवलं. ज्यांनी काढून घेतली नाही, त्यांच्या दंडात ती आहेच. तिला बंद करायची कळ नाही. काच शाबूत असेल, सांधे धरून असतील, तर आजही १३४ किलोहर्ट्झचा योग्य रीडर नीट कोनात नेला की ती सोळा आकडे म्हणून दाखवेल. त्या आकड्यांमागची नोंदवही अजून कुणी उघडून बसलंय का, हे तिला विचारता येत नाही.

वेळ झालीये. मागच्या रांगेत दोन हात केव्हाचे वर आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.